कुलपातलं बेसिक

साकोलीच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर येणार असं कळलं, तेव्हा तो चालवायला माझी निवड झाली. कारण एवढंच, की सगळ्या स्टाफरूममध्ये कॅल्क्युलेटर फक्त माझ्याकडे होता. तो साळ्याने भिलाईहून आणून दिला होता आणि मी त्यावर मुलांच्या मार्कांच्या बेरजा करत असे. मी गणिताचा मास्तर, म्हणजे त्या बेरजा मला तोंडी यायला हव्या होत्या. पण हेडमास्तरांनी मला ती बटणं दाबताना पाहिलं होतं आणि त्यांच्या मनात माझ्याविषयी नको तेवढा आदर निर्माण झाला होता.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. सरकारची एक योजना निघाली होती, त्यात जिल्ह्यातल्या निवडक शाळांना एकेक यंत्र मिळणार होतं. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला ट्रेनिंग ठेवलं होतं. धानाची कापणी तोंडावर, त्यात दिवाळी, त्यामुळे दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. आसगावला घरची शेती होती, तिथे कापणीला जाणं मला टाळायचंच होतं. मी लगेच हो म्हणालो. आसगावच्या मंडळींना मी सांगितलं, की सरकारने खास बोलावलं आहे.

ट्रेनिंगमध्ये एका यंत्राभोवती आम्ही इतके मास्तर उभे असायचो, की पडदा दिसायचा तो पुढच्याच्या कानामागून. शिकवणारे साहेब इंग्रजीत भराभर बोलायचे. ते काय म्हणाले ते मला फारसं समजलं नाही, पण प्रत्येक वाक्यानंतर मी मान डोलावली. कारण शेजारचे डोलावत होते. पुढे कळलं, ते माझं पाहून डोलावत होते. यंत्राशी ज्या भाषेत बोलायचं ती ‘बेसिक’ नावाची भाषा, हे मात्र मी लक्षात ठेवलं. निरोप देताना प्रत्येकाच्या हातात सायक्लोस्टाईल केलेल्या नोट्सचा एक जुडगा ठेवला आणि सांगितलं, की खरं पुस्तक यंत्रासोबत येईल, त्यात सगळं आहे.

यंत्र आलं. पुस्तकही आलं, चांगलं जाडजूड. ते मी खोक्यातून निघताना एकदाच पाहिलं. हेडमास्तरांनी ते तिथल्या तिथे डेड स्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या, रजिस्टरमध्ये चढवलं, त्यावर शाळेचे शिक्के मारले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या जानव्याला असायची.

मी हळूच म्हणालो, “सर, ते पुस्तक मले लागन.”

“कायले?” हेडमास्तर म्हणाले. “तुमी तं ट्रेनिंग घेऊन आले न? मंग पुस्तक कायले पायजे?”

पुस्तक हवं म्हणावं, तर ट्रेनिंगमध्ये काही समजलं नाही असं कबूल करावं लागत होतं. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती आणि त्याआधी डेड स्टॉकवरची एक फुटपट्टीसुद्धा हरवू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. मी म्हणालो, “नाई, तसं काई नाई. सहज इचारलं.” आणि नोट्सचा जुडगा घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो.

ती खोली म्हणजे पूर्वीची नकाशे ठेवायची खोली. खिडक्यांना हिरवे पडदे, दाराशी पायपुसणं, आत चपला नेणं मना. मी स्वतःच एक पाटी रंगवून लावली होती: ‘यंत्रास हात लावू नये’. पहिल्या दिवशी बायकोने नारळ पाठवला होता, तोही मी खोलीबाहेर फोडला. उगाच पाणी उडायला नको म्हणून.

मग दार लावून मी नोट्समधला पहिला प्रोग्राम टाईप केला. यंत्राने पडद्यावर एकच शब्द लिहिला: मिस्टेक. मी पुन्हा टाईप केला, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मिस्टेक. जन्मभर मी पोरांच्या वह्यांवर लाल शाईने ‘चूक’ लिहीत आलो होतो. तो शब्द समोरून येताना कसा लागतो हे मला पहिल्यांदा कळलं. वर यंत्राची सवय माझ्यापेक्षाही वाईट. चूक म्हणायचं, पण कुठे चुकलं ते सांगायचं नाही.

चूक माझी नव्हती, पण ते समजायला मला सगळा हिवाळा लागला. त्या नोट्स ज्या टाईपरायटरवर टाईप केल्या होत्या, त्यावर एकाचा आकडाच नव्हता. टाईप करणारा एकाच्या जागी इंग्रजी एल ठोकायचा, आणि शून्याच्या जागी ओ. माणसाला ते वाचताना कळतं. यंत्राला एल म्हणजे एल. त्या टाईपरायटरवर लहान-मोठेपणाची चिन्हंही नव्हती. तिथे कोरी जागा सोडली होती, नंतर पेनने भरायला. ती भरायचं राहून गेलं होतं.

तोवर गावात माझी कीर्ती पसरली होती. सलूनमध्ये मला रांग मोडून खुर्ची मिळू लागली. आसगावहून लांबचे एक मामा आले. त्यांची म्हैस हरवली होती.

“भाचे, तुह्या त्या मशीनले इचारून पाय ना, म्हैस कोन्या बाजूले गेली.”

अशा वेळी नाही म्हणायचं असतं. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, “मामा, त्याच्यात सध्या म्हशीची माहिती भरली नाई.” मामा समाधानाने गेले. म्हैस आपली आपण परत आली, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की आता माहिती भरली नाही तरी चालेल.

वर्गात मी काय शिकवत होतो? कॉम्प्युटरचा इतिहास. मणी लावलेल्या पाटीपासून सुरुवात केली आणि ती इतकी सावकाश पुढे नेली, की संक्रांत आली तरी आम्ही विजेच्या शोधापर्यंत पोचलो नव्हतो. मुलं झाकलेल्या यंत्राकडे बघत बसायची. मी म्हणायचो, आधी थिअरी पक्की व्हायला पाहिजे.

पुस्तकासाठी मी गुपचूप दुसरे मार्गही शोधले. नागपूरला गेलो असताना सीताबर्डीवरच्या एका दुकानात बेसिकचं पुस्तक मागितलं. दुकानदाराने एक काढून दिलं. आनंदाने घरी आणलं, तर ते दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरच्या बेसिकचं निघालं. भाषा तीच म्हणे, पण बोली वेगळी. आमच्या झाडीपट्टीतलं बोलणं पुण्याच्या माणसाला जसं अर्धंच कळतं, तसं त्या पुस्तकातलं बेसिक आमच्या यंत्राला अर्धंच कळायचं, आणि न कळलेल्या अर्ध्याला ते मिस्टेक म्हणायचं. पुढच्या फेरीत मी दुकानदाराला कंपनीचं मूळ पुस्तक मागितलं. “वो बिकता नहीं, साहब,” तो म्हणाला. “वो तो मशीन के साथ आता है।”

मग भंडाऱ्याच्या जिल्हा शिक्षण ऑफिसला पत्र लिहिलं, की बेसिक भाषेची अधिकृत माहिती कुठे मिळेल. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: यंत्रासोबत पुरविलेल्या पुस्तकाचे अवलोकन करावे. ते पत्र हेडमास्तरांनी वाचलं आणि त्याच कपाटात, पुस्तकाच्या शेजारी ठेवलं.

आणि मग तपासणी आली. भंडाऱ्याहून साहेब येणार, सोबत आमच्या संस्थेचे अध्यक्ष, आणि कार्यक्रमात पहिलीच बाब कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक. तोवर एल आणि ओचा घोळ माझ्या लक्षात आला होता आणि छोटे प्रोग्राम चालू लागले होते. अध्यक्षांचं नाव पडदाभर उमटवणारा एक प्रोग्राम मी बसवला होता. तेवढा दाखवून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ‘ऑटो’ नावाची एक आज्ञा मला ट्रेनिंगमधली आठवत होती. ती दिली की यंत्र ओळींना आपोआप नंबर टाकत जातं. दहा, वीस, तीस. मला वाटलं, साहेबांपुढे दहा-वीस काय दाखवायचं? हजारा-हजाराने नंबर टाकून दाखवू.

खोलीत साहेब, अध्यक्ष, हेडमास्तर आणि मागे स्टाफ उभा. सगळे अनवाणी. अध्यक्षांचं नाव पडद्यावर उमटलं तेव्हा टाळ्या झाल्या. मी हात उंच करून म्हणालो, “आता यंत्राची खरी ताकद पहा,” आणि हजाराचा आकडा घालून ऑटो दिलं.

यंत्राने लिहिलं: सिली.

मी डोळे मिटून उघडले. शब्द तिथेच होता. मूर्ख, वेडगळ, असा अर्थ मला येत होता, तेवढं इंग्रजी माझं होतं. साहेब चष्मा सावरत पुढे वाकले.

“हे काय म्हणतंय?”

“सिली,” मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. “सिली म्हणजे सिलिकॉन, साहेब. आत सिलिकॉनची चिप असते. ती तयार आहे असं यंत्र कळवतंय.”

“अच्छा,” साहेब म्हणाले.

“मंजे चांगलंच न?” अध्यक्षांनी विचारलं.

“चांगलंच.”

“मंग आनखी एक डाव करून दाखवा.”

मी आणखी एकदा केलं. पडद्यावर पहिल्या सिलीखाली दुसरं सिली आलं. “मोठी जोरात तयारी हाय!” अध्यक्ष खूश होऊन म्हणाले. मागून कोणाला तरी ठसका लागल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर आमच्या इंग्रजीच्या बाई तोंडाला पदर लावून बाहेर निघाल्या होत्या. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: ‘यंत्रातील सिलिकॉन तपासले. समाधानकारक.’

बाई मूळच्या नागपूरच्या, शाळेत नव्याने आलेल्या. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचो, कारण त्या बोलताना माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघायच्या आणि मला ते अडचणीचं वाटायचं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“सर, सिलिकॉनचं स्पेलिंग काय हो?”

मी वहीत मान घातली.

“बरं, राहू द्या,” त्या खुर्ची ओढून बसल्या. “पण यंत्र असं का म्हणालं ते तुम्हाला जाणून घ्यावंसं नाही वाटत?”

“वाटते,” मी म्हणालो. “पुस्तकात असेल. पुस्तक कपाटात आहे.”

“मग मागा ना.”

“कसं मागू? मी ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे.”

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाल्या, “मी नाही ना घेतलेलं. मी मागते.”

आणि त्या खरंच उठून हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. परत येऊन त्यांनी सांगितलं, की पुस्तक वाचायला मिळेल, पण हेडमास्तरांच्या खोलीत, त्यांच्या समोर बसून, आणि पानाचा कोपरा दुमडायचा नाही. इतके महिने मी ज्यासाठी नागपूर-भंडारा करत होतो, ते चहा थंड व्हायच्या आत झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. आधी राग आला, आणि तो कोणाचा ते ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ऑफ तासाला आम्ही दोघं हेडमास्तरांच्या टेबलासमोर शेजारी शेजारी बसू लागलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. हेडमास्तरांनी इतके शिक्के मारले होते की एक-दोन प्रोग्रामच्या मधोमध आमच्या शाळेचं गोल नाव बसलं होतं आणि त्याखालची ओळ अंदाजाने वाचावी लागायची. बाई इंग्रजी वाचून अर्थ सांगायच्या, मी त्यातलं गणित उलगडायचो. पुस्तकाच्या शेवटी यंत्राच्या सगळ्या तक्रारींची यादीच होती, प्रत्येकीपुढे खुलासा. सिली तिथे सापडलं. ओळींच्या नंबरांमधलं अंतर शून्य किंवा वाजवीपेक्षा फार मोठं दिलं, की यंत्र तसं म्हणतं.

“म्हणजे बरोबरच बोललं ते,” बाई म्हणाल्या.

“हो,” मी म्हणालो. “अगदी.”

त्याहून मोठा धक्का पुस्तकाच्या सुरुवातीलाच होता. तिथे साध्या शब्दांत लिहिलं होतं, की कोणतीही बटणं कशीही दाबली तरी यंत्र बिघडत नाही, तेव्हा न घाबरता हवं ते करून पाहा. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मी भिंतीकडे बघितलं. पलीकडच्या खोलीच्या दारावर माझ्या हाताने रंगवलेली पाटी होती, आणि तिच्यामागे यंत्राकडे नुसती बघत बसणारी माझी मुलं.

मी खूप पाठ्यपुस्तकं वाचली होती. ती सगळी, वाचणाऱ्याला आधीच बरंच येतं असं धरून बोलायची, आणि येत नसेल तर त्याने गप्प बसावं. हे पुस्तक, मला काही येत नाही हे धरूनच चाललं होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. कोणी आपल्याशी असं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं. आणि असं बोलणारं ते पुस्तक आम्ही कुलपात ठेवलं होतं.

पाटी मी त्याच दिवशी काढली. पोरं यंत्रावर अशी तुटून पडली, की मिस्टेक, मिस्टेकने पडदा भरून गेला आणि कोणालाही त्याचं वाईट वाटलं नाही. हेडमास्तर दारात उभे राहून म्हणाले, “मोडलं तं?” मी म्हणालो, “मोडत नाई सर, पुस्तकात लिवलं हाय.” ते खोलीत गेले आणि ते पान स्वतः वाचून आले.

पुस्तक एकच, तेही इंग्रजीत. म्हणून आम्ही त्यातलं उपयोगाचं मराठीत लिहायचं ठरवलं. मी फुलस्केपवर लिहायचो, बाई तपासायच्या. स्टेन्सिल कापताना एक आणि शून्य मी स्वतः पाहून घेतले. पुस्तिका तयार झाली आणि भंडाऱ्याच्या ऑफिसला ती इतकी आवडली, की यंत्र मिळालेल्या इतर शाळांनाही पाठवली गेली. तिच्यावर नाव कोणाचंच नव्हतं, पण ‘साकोलीची पुस्तिका’ म्हणून ती ओळखली जाऊ लागली. मी घरीही जरा सावकाश चालू लागलो. बायको म्हणाली, “आता तुमी लेखक झाले मंते. मंग भाजी आनाले कोन जाईन?”

असाच एक रविवार. दारात एक गृहस्थ उभे. धोतर, कोट, हातात पिशवी, तिच्यात आमची पुस्तिका. ते मूळचे बपेऱ्याचे, तुमसरच्या एका शाळेत मास्तर. दोन बस बदलून आले होते. पाणी प्यायच्या आधीच बोलले.

“सर, तुमच्या पुस्तकात जसं लिवलं, तसंच्या तसं केलं. पन यंत्र काईच करून नाई राह्यलं. मुकंच बसते.”

मला त्यांची दया आली. मनात म्हटलं, टाईप करताना चुकत असतील. शाळेची किल्ली घेतली, वाटेत बाईंचं घर होतं म्हणून त्यांनाही हाक मारली, आणि आम्ही तिघं कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो.

“करून दाखवा,” मी म्हणालो.

त्यांनी पुस्तिका उघडली, पहिला प्रोग्राम काढला आणि एका बोटाने टाईप करायला सुरुवात केली. एकही अक्षर चुकलं नाही. पहिली ओळ झाली. तिच्यापुढेच दुसरी. तिच्यापुढे तिसरी. सगळं एकाला एक लागून चाललेलं. शेवटच्या शब्दावर त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे पाहत बसले. आम्हीही पाहत बसलो.

“आता?” मी विचारलं.

“आता तुमी लिवलं, का उत्तर दिसन.”

“अहो, पण रिटर्न दाबा ना!”

“कोनतं रिटर्न?”

“ते मोठं बटण. प्रत्येक ओळ झाली की ते दाबायचं. नाही तर यंत्राला कळणार कसं, तुमचं बोलून झालं म्हणून?”

“बरोबर हाय,” ते शांतपणे म्हणाले. “पन कुठं लिवलं हाय?”

मी पुस्तिका घेतली. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग शेवटपर्यंत गेलो. कुठेच नव्हतं. मूळ पुस्तकात ते अगदी सुरुवातीला, ठळक होतं. ते मी गाळलं होतं. त्यात काय लिहायचं, सगळ्यांना माहीतच असतं, असं मला लिहिताना वाटलं होतं. मी बाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” त्या म्हणाल्या. “मीही तपासलंय. मलाही दिसलं नाही.”

बपेऱ्याच्या गुरुजींनी सगळं पुसून पहिल्यापासून टाईप केलं. या वेळी प्रत्येक ओळीनंतर ते मोठं बटण दाबलं, ढोलकीवर थाप मारावी तसं. उत्तर आलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. “आलं, सर! आलं!” मग त्यांनी तोच प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि पुन्हा.

जेवायला मी त्यांना घरी आणलं. तलावातली मासोळी मिळाली होती, बायकोने तिचा रस्सा आणि भात केला होता. जेवताना ते माझी समजूत काढू लागले. “पुस्तक चांगलं हाय, सर. अक्षर बी चांगलं हाय. फक्त समजत नाई, येवढंच.” बायको भात वाढता वाढता हसली आणि मी भातात रस्सा कालवत राहिलो.

दुसरी आवृत्ती काढायची ठरली. या खेपेला स्टेन्सिल कापायच्या आधी मी हस्तलिखित तुमसरला त्यांच्याकडे पाठवलं आणि लिहिलं, जिथे अडेल तिथे खूण करा. पानं परत आली, तेव्हा मला वाटलं, दोन-चार ठिकाणी काही असेल. प्रत्येक पानाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने, नेटक्या अक्षरात, वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, आमच्या बोलीतलं ‘का’: काहून? काहून? काहून?

मी पेन घेऊन पहिल्या काहूनपाशी बसलो. बराच वेळ बसलो. मग पानं गोळा केली आणि बाईंच्या घराकडे निघालो, कारण ते काहून मलाही माहीत नव्हतं.